वास आणि चव यांची वैद्यकीय तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातील आणि आसपासच्या जिल्ह्यांतील रुग्ण व त्यांचे नातेवाईक कान-नाक-घशाच्या ओपीडीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे फॅमिली डॉक्टरांनाही उपयोगी पडतील, कारण मेंदूतून निघणाऱ्या बारा मज्जातंतूंच्या तपासणीत डोळ्यांपासून जिभेपर्यंत सगळे पाहिले जाते आणि पहिला मज्जातंतू, म्हणजे वासाचा, तेवढा राहून जातो.

माझी चव गेली आहे. मग डॉक्टर नाक का तपासतात?

कारण "चव गेली" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक रुग्णांची जीभ शाबूत असते आणि गेलेला असतो तो वास. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्या पाचच मूळ चवी कळतात. यांपैकी उमामी ही जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली वेगळी ओळखली. पिकलेल्या टोमॅटोत किंवा मटणाच्या रश्श्यात जो भरीवपणा जाणवतो तो तिच्यामुळे. बाकी सगळे, म्हणजे वरणावरची हिंग-जिऱ्याची फोडणी, भाजलेल्या वांग्याचा खमंगपणा, आमरसातला आंबा, हे नाकाचे काम आहे. घास चावताना त्यातून सुटणारा वास घशाच्या मागच्या बाजूने वर चढतो आणि नाकाच्या छताशी असलेल्या, जेमतेम काही चौरस सेंटीमीटरच्या घ्राणपटलावर पोहोचतो. मेंदू मात्र ही जाणीव तोंडातच झाल्याचे भासवतो, आणि म्हणून रुग्ण बोट दाखवतो ते जिभेकडे.

त्यामुळे आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : साखर गोड लागते का, मीठ खारट लागते का, कारले कडू लागते का? तिन्हींना "हो" असे उत्तर आले आणि तरीही जेवण मातीसारखे लागत असेल, तर तपासणीची दिशा नाकाकडे वळते.

हा फरक घरी ओळखता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. नाक दोन बोटांनी घट्ट चिमटून संत्रा बर्फीचा लहानसा तुकडा तोंडात ठेवावा आणि डोळे मिटून चावावा. नाक बंद असेपर्यंत फक्त गोड कळेल. आपण पेढा खातो आहोत की बर्फी, हेही सांगता येणार नाही. अर्धे चावून झाल्यावर बोटे सोडून नाकातून श्वास बाहेर टाकावा. निरोगी माणसाला त्याच क्षणी संत्रे कळते. बोटे सोडल्यावरही काहीच बदलले नाही, तर वासाची तपासणी करून घेणे योग्य. मधुमेह असल्यास बर्फीऐवजी बडीशेप किंवा वेलची वापरावी.

हा प्रयोग दिशा दाखवतो, मोजमाप देत नाही. वास किती टक्के उरला आहे हे रुग्ण स्वतः सांगतो तो आकडा आणि चाचणीतून निघणारा आकडा यांचा मेळ अनेकदा बसत नाही. वास हळूहळू कमी झालेल्यांना तर आपले काही कमी झाले आहे याचाही पत्ता नसतो.

बामची झणझण कळते, सावजी रस्सा नाकातोंडातून पाणी काढतो. म्हणजे नाक ठीकच आहे ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. मिरचीचा तिखटपणा, बाममधल्या मेंथॉलचा गारवा, कापूर आणि अमोनिया यांची झोंबणारी जाणीव चेहऱ्याच्या पाचव्या मज्जातंतूमार्फत, म्हणजे ट्रायजेमिनलमार्फत मेंदूकडे जाते. हा मज्जातंतू स्पर्श, वेदना आणि तापमान यांचा आहे. वास पूर्ण गेलेल्या माणसालाही सावजीचा ठसका लागतो. त्याला कळत नाहीत ते त्या रश्श्यातले खसखस, दगडफूल आणि भाजलेले मसाले. आयुर्वेदाने सांगितलेल्या सहा रसांतील कटू आणि कषाय, म्हणजे तिखट आणि तुरट, आजच्या शरीरक्रियाशास्त्रात मूळ चवींत धरले जात नाहीत, त्याचे कारण हेच.

वास तपासताना स्पिरिटचा बोळा किंवा अमोनियाची बाटली नाकाशी धरून "काही येते का?" असे विचारणे याच कारणाने चुकीचे ठरते. रुग्ण "हो" म्हणतो, केसपेपरवर "वास नॉर्मल" असे लिहिले जाते आणि खरा दोष झाकला जातो.

तपासणीला येताना काय पाळावे?

चाचणीच्या आधी किमान पंधरा मिनिटे पाण्याशिवाय काही खाऊ-पिऊ नये, सिगारेट-बिडी ओढू नये, अत्तर किंवा सुगंधी तेल लावू नये. खर्रा खाणाऱ्यांनी त्या दिवशी सकाळपासून तो टाळावा आणि तोंड स्वच्छ करून यावे. सुपारी, तंबाखू आणि चुना यांचा लेप जिभेवर असताना चवीच्या चाचणीतून काहीही सिद्ध होत नाही. कडक सर्दी असेल तर चाचणी पुढे ढकलावी. चालू औषधांची यादी, सध्या बंद केलेल्या औषधांसह, बरोबर आणावी.

दवाखान्यानेही काही पथ्ये पाळायची असतात. नुकतीच फिनाइलने पुसलेली खोली वासाच्या चाचणीसाठी निरुपयोगी असते.

कोणतेही यंत्र नसलेल्या दवाखान्यात काय करता येईल?

पुष्कळ काही. आधी इतिहास नीट घ्यावा : वास एका दिवसात गेला की वर्षानुवर्षे घटत गेला, सर्दी-तापानंतर गेला की डोक्याला मार लागल्यावर, आणि अधूनमधून परत येतो का. नागपुरात उन्हाळ्याचा एक प्रश्न हमखास कामाला येतो : यंदा कूलरला वाळ्याच्या ताट्या लावून पाणी सोडले तेव्हा पहिल्या दिवशी वास आला का? पोलिप, म्हणजे नाकात वाढलेले मऊ मांस, असलेल्या रुग्णाचा वास येतो-जातो. डोक्याच्या मारानंतर गेलेला वास सहसा असा लपंडाव खेळत नाही.

मग टॉर्च आणि स्पेक्युलमने, म्हणजे नाकपुडी रुंदावणाऱ्या उपकरणाने, नाकाचा पुढचा भाग पाहावा. त्यानंतर लहान बाटल्यांत लवंग, कॉफी, हिंग, संत्र्याची ताजी साल, आंघोळीचा साबण असे ओळखीचे आणि न झोंबणारे पदार्थ घ्यावेत. रुग्णाचे डोळे मिटलेले असावेत, एक नाकपुडी बोटाने बंद करावी आणि बाटली दुसऱ्या नाकपुडीखाली दोन-तीन सेकंद धरावी. आधी "वास येतो का?" आणि मग "कशाचा?" असे दोन वेगळे प्रश्न विचारावेत. नाव आठवले नाही तर चार पर्याय द्यावेत, कारण वास आला तरी नाव न सुचणे हे धडधाकट माणसाच्या बाबतीतही घडते. मध्ये एखादी रिकामी बाटलीही धरावी. रिकाम्या बाटलीला "लवंग" म्हणणाऱ्याच्या बाकीच्या उत्तरांकडे सावधपणे पाहावे लागते.

दोन वासांमध्ये अर्धा मिनिट थांबणे आवश्यक आहे. वाळ्याच्या कूलरसमोर बसल्यावर काही मिनिटांतच तो वास जाणवेनासा होतो, तसेच इथेही होते; नाक सरावते आणि पुढचा वास कमी जाणवतो.

इंजेक्शनपूर्वी वापरतात ते अल्कोहोलचे पाकीटबंद पॅडही एका वेगळ्या पद्धतीने उपयोगी पडते. डोळे मिटलेल्या रुग्णाच्या छातीच्या खालच्या पातळीवर ते धरून प्रत्येक उच्छ्वासाबरोबर एकेक सेंटीमीटर वर आणायचे आणि वास प्रथम जाणवला तेव्हाचे नाकापासूनचे अंतर मोजायचे. इथे प्रश्न अंतराचा असल्यामुळे आधी सांगितलेला आक्षेप बराच सौम्य होतो, तरी नाकाला अगदी खेटल्यावर आलेल्या "हो"वर भिस्त ठेवू नये.

मोठ्या केंद्रांत कोणत्या चाचण्या करतात?

दोन चाचण्या जगभर जास्त वापरल्या जातात. पहिली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेली यूपीसिट. तिच्या पुस्तिकांमध्ये चाळीस पट्ट्या असतात. पेन्सिलने पट्टी खरवडली की आत कोंडलेला वास सुटतो आणि चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. ती रुग्ण स्वतःच सोडवू शकतो.

दुसरी जर्मनीत विकसित झालेली स्निफिन स्टिक्स. स्केचपेनसारख्या दिसणाऱ्या या पेनांत शाईऐवजी सुगंधी द्रव असतो. टोपण काढून पेनाचे टोक नाकपुड्यांपासून सुमारे दोन सेंटीमीटरवर तीन सेकंद धरतात. हिचे तीन भाग आहेत आणि आमच्या मते तिची खरी किंमत त्यातच आहे. पहिल्या भागात उंबरठा मोजतात : तीन पेनांपैकी एकातच वास असतो, तो ओळखता येईल अशी सर्वांत विरळ पातळी शोधली जाते. दुसऱ्या भागात तीनपैकी वेगळा वास कोणता हे सांगायचे, आणि तिसऱ्यात चार पर्यायांतून नाव निवडायचे. प्रत्येकी १६ असे ४८ गुण असतात. ३०.७५ किंवा त्याहून अधिक गुण सामान्य मानतात, १६ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे व्यवहारात वास गेलेला, आणि मधली अवस्था म्हणजे वास कमी झालेला. उंबरठ्याचे गुण मुख्यतः नाकातला बिघाड दाखवतात. नाव ओळखण्यासाठी स्मरणशक्ती आणि भाषाही लागते. केवळ नाव ओळखण्याची चाचणी केली तर हा फरक हाती लागत नाही.

या परदेशी चाचण्यांतले वास आम्हाला ओळखू येतील का?

सगळे नाही. यूपीसिटच्या मूळ अमेरिकी आवृत्तीत रूट बिअर हे गोड पेय आणि जिंजरब्रेड हा आले घातलेला केक यांचेही वास आहेत. काटोल किंवा वरुडच्या शेतकऱ्याला हे वास ओळखता आले नाहीत, तर दोष त्याच्या नाकाचा नव्हे. स्निफिन स्टिक्समधील संत्रे, लिंबू, लसूण, लवंग, दालचिनी, केळे हे इथे सर्वांना माहीत असतात. चामडे आणि टर्पेंटाइन यांवर मात्र लोक अडखळतात. म्हणून भाषांतरित पर्यायांवर न थांबता, स्थानिक निरोगी माणसे कोणते वास बिनचूक ओळखतात हे आधी पाहून मगच चाचणीची यादी ठरवायला हवी. पर्याय मराठीत मोठ्याने वाचून दाखवावेत. वाचता न येणे हे वास न येण्याच्या खात्यात जमा होऊ नये.

चव कशी तपासली जाते?

सर्वांत सोपी आणि विश्वासार्ह रीत म्हणजे चवीच्या पट्ट्या. गाळण कागदाच्या या अरुंद पट्ट्यांवर साखर, सायट्रिक आम्ल, मीठ आणि क्विनिन यांची प्रत्येकी चार पातळ्यांची द्रावणे शोषवून वाळवलेली असतात. म्हणजे एकूण १६ पट्ट्या. साखरेच्या सर्वांत तीव्र पट्टीसाठी दर मिलिलीटरला ०.४ ग्रॅम आणि सर्वांत सौम्य पट्टीसाठी ०.०५ ग्रॅम साखरेचे द्रावण वापरतात. कडूसाठी हेच प्रमाण ०.००६ ग्रॅमपासून ०.०००४ ग्रॅमपर्यंत उतरते, यावरून आपली जीभ कडूबाबत किती जागरूक आहे हे दिसते. पट्टी जिभेवर ठेवून तोंड मिटायचे, चार पर्यायांतून उत्तर द्यायचे आणि पाण्याने चूळ भरायची. प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण. नऊपेक्षा कमी गुण आले तर चव कमी झाली आहे असे धरतात. आंबट आणि कडू यांत गल्लत करणारे अनेक असतात. ही गल्लत सुटी पाहून घाबरण्याचे कारण नाही, एकूण गुण पाहावेत.

जिभेची एकच बाजू बिघडल्याचा संशय असेल तर तोंड न मिटता, जीभ बाहेर ठेवूनच उजवीकडे आणि डावीकडे वेगवेगळी तपासणी करतात. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव सातव्या मज्जातंतूच्या कॉर्डा टिंपनी या शाखेतून जाते आणि ही शाखा कानाच्या पडद्यामागून प्रवास करते. त्यामुळे कानाच्या शस्त्रक्रियेनंतर जिभेच्या अर्ध्या भागावर लोखंडासारखी चव येणे किंवा तेवढा भाग बेचव होणे संभवते. बहुतेकांना काही महिन्यांत आराम पडतो. चेहऱ्याच्या लकव्यातही हीच शाखा सापडते. जिभेचा मागचा एक तृतीयांश भाग नवव्या मज्जातंतूकडे असतो.

इलेक्ट्रोगस्टोमेट्री या चाचणीत जिभेवर अतिशय सौम्य विद्युतप्रवाह देतात आणि आंबटसर, धातूसारखी जाणीव कधी होते ते मोजतात. पेसमेकर असलेल्यांवर ती करत नाहीत.

जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू कळते ना?

नाही. शाळेच्या पुस्तकांतला तो नकाशा १९०१ सालच्या एका जर्मन संशोधनाच्या चुकीच्या वाचनातून रूढ झाला. चवीच्या कळ्या असलेल्या प्रत्येक भागात सगळ्या चवी कळतात.

वास किंवा चव कशामुळे जाते?

वासाच्या बाबतीत तीन मोठी कारणे आहेत : नाक-सायनसचा जुनाट आजार, ज्याला रुग्ण "नाकात मांस वाढले" असे म्हणतात, विषाणूचा संसर्ग, आणि डोक्याला मार. कोविडमध्ये विषाणू मुख्यतः घ्राणपेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो, आणि म्हणूनच बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परतला. डोक्याच्या मारात यंत्रणा निराळी आहे. घ्राणतंतूंचे बारीक धागे नाकाच्या छताच्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात. दुचाकीवरून पडून डोके मागे आपटले तरी मेंदूला बसलेल्या हिसक्याने ते तुटू शकतात. अपघातानंतर एका नाकपुडीतून पाण्यासारखा स्वच्छ स्राव गळत असेल, तर तो मेंदूभोवतालचा द्रव असू शकतो. अशा वेळी वासाच्या चाचणीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वयाचाही वाटा मोठा आहे. डोटी यांच्याच १९८४ च्या अभ्यासात ६५ ते ८० वयोगटातील निम्म्याहून अधिक लोकांत वास लक्षणीय घटलेला आढळला. जन्मतःच वास नसलेल्या मुलामुलींची वयात येण्याची लक्षणेही लांबली असतील, तर कॉलमन सिंड्रोमचा विचार करून संप्रेरकांची तपासणी करावी लागते.

चव जाण्यामागे औषधे वारंवार असतात : मेट्रोनिडाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, टर्बिनाफिन, कॅप्टोप्रिल आणि कर्करोगावरील केमोथेरपी ही नेहमीची नावे. तोंड कोरडे पडणे, जिभेवरची बुरशी, टाळू झाकणारी कवळी हीही पाहावीत. प्रत्येकाला सरसकट झिंकच्या गोळ्या लिहून देणे हा मात्र उपचार नव्हे. झिंकची कमतरता असेल तरच त्यांचा उपयोग होतो.

वास कमी होणे हे पार्किन्सनचे लक्षण आहे का?

पार्किन्सनच्या बहुसंख्य रुग्णांचा वास घटलेला असतो आणि तो हाताच्या कंपाच्या कितीतरी वर्षे आधीही घटू शकतो, हे खरे आहे. पण उलट हिशेब लागू पडत नाही : वास कमी झालेल्या दहाही जणांना सायनस, विषाणू किंवा वय एवढेच कारण असू शकते. हालचाल मंदावणे, झोपेत हातपाय झाडणे, अक्षर बारीक होत जाणे अशी जोड असेल, तर न्यूरोलॉजिस्टकडे जावे.

मला नसलेली दुर्गंधी येते. हे काय आहे?

चहा किंवा कांद्याची फोडणी जळकट, सडकी वाटणे याला पॅरोस्मिया म्हणतात. विषाणूनंतर वास परतताना ते बरेचदा दिसते आणि हळूहळू कमी होते. आसपास काहीही नसताना वास येणे ही निराळी गोष्ट असून, काही क्षणांचे असे झटके पुन्हा पुन्हा येत असतील तर फिट्सच्या दृष्टीने तपासणी लागते. याच्या नेमकी उलट अवस्था ॲट्रॉफिक रायनायटिसमध्ये, म्हणजे नाकाचे आतले अस्तर सुकून झिजण्याच्या आजारात, असते. नाकात हिरवट खपल्या धरतात, त्यांची दुर्गंधी घरच्यांना असह्य होते आणि रुग्णाला मात्र ती कळतच नाही. अशा माणसाला घरातले टाळू लागतात, आणि का टाळतात हे त्याला सांगायला कोणी धजत नाही.

अपघाताच्या दाव्यात कोणी वास गेल्याचे सोंग केले तर कळते का?

बरेचदा कळते. यूपीसिटमध्ये वास खरोखर गेलेला माणूस नुसत्या अंदाजानेही चाळीसपैकी दहाच्या आसपास उत्तरे बरोबर देतो. पाच किंवा त्याहून कमी गुण आले, तर बरोबर उत्तर माहीत असून टाळल्याचा संशय बळावतो. शिवाय "अमोनियाही अजिबात जाणवत नाही" असे जो सांगतो त्याचा पाचवा मज्जातंतू तपासावा. तो ठणठणीत निघाला तर त्याचे म्हणणे पटण्यासारखे राहत नाही. एवढे असूनही, संशयावरून खऱ्या रुग्णाला खोटे ठरवण्यापेक्षा चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करणे बरे.

वास गेलेल्या माणसाने घरात काय काळजी घ्यावी?

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात. हा इशारा रुग्णाला मिळत नाही. गॅस डिटेक्टर बसवावा, रात्री रेग्युलेटर बंद करावा, आणि गळतीचा संशय आल्यास दिवे-पंख्यांच्या बटणांना हात न लावता बाहेर पडून १९०६ वर कळवावे. नागपूरच्या मे महिन्यात दुपारपर्यंत उतरलेले वरण चाखून पाहू नये, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी हुंगायला द्यावे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत हा मुद्दा डॉक्टरांनी आपणहून काढावा.

उपचाराने वास परत येतो का?

कारणावर अवलंबून आहे. पोलिपमध्ये स्टिरॉइडचे फवारे किंवा शस्त्रक्रिया यांचा चांगला उपयोग होतो. विषाणूनंतर गेलेल्या वासासाठी गंधसराव सुचवला जातो. २००९ साली जर्मनीतील थॉमस हुमेल यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास बारा आठवडे सकाळ-संध्याकाळ घ्यायचे असतात. प्रत्येक बाटली काही सेकंद, घाई न करता, तो वास आठवत हुंगायची. सीताबर्डी किंवा इतवारीच्या बाजारात चारही तेले मिळतात. सराव कंटाळवाणा आहे आणि लोक तो तिसऱ्या आठवड्यात सोडतात, म्हणून सुरुवातीलाच चाचणीचा आकडा नोंदवून ठेवणे महत्त्वाचे. स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत, विशेषतः मधुमेह असल्यास.

पुन्हा चाचणी कधी करावी आणि अहवालात काय असावे?

साधारण तीन महिन्यांनी, आणि त्याच चाचणीने. स्निफिन स्टिक्सच्या एकूण गुणांत ५.५ किंवा त्याहून अधिक वाढ झाली तर सुधारणा खरी मानतात; एक-दोन गुण इकडे-तिकडे होतातच. अहवालावर चाचणीचे नाव, एकूण आणि विभागवार गुण, दोन्ही नाकपुड्या एकत्र तपासल्या की वेगवेगळ्या, त्या दिवशी सर्दी होती का, आणि दुर्बिणीतून नाकात काय दिसले, एवढे लिहिलेले असावे. नुसते "वास कमी" असे लिहिलेला कागद मिळाला, तर काउंटर सोडण्यापूर्वी गुण मागून घ्यावेत.